कुंबा बुधवारी बाजाराला जाते

न्गासेर बेट, सालूमची खाडी
१४ नोव्हेंबर १९९९

माझा पळून गेलेला गुलाम हामादी वान यास,

तुझं पत्र आमच्या हेडमास्तरांच्या नावाने आलं. हेडमास्तर काओलाकचे, म्हणजे कोरड्या जमिनीवरचे. होडीत पाय ठेवला की त्यांच्या पोटात कालवायला लागतं. ‘खाडीखाडीतून हिंडून पक्षी शोधावा’ एवढं वाचल्यावर त्यांनी कागद माझ्या हातात दिला आणि म्हणाले, “तेनिंग, तू रोज होडीने तिसऱ्या, शिंपल्या काढायला जातेस, लिहिता-वाचता येतं तुला, आणि हा माणूस आडनावावरून तुकुलर दिसतो. तूच बघ त्याच्याकडे.” आडनाव वाचून मला फार बरं वाटलं. या बेटावर सगळे सेरेरच. कितीतरी दिवसांत एखाद्या तुकुलराला मनसोक्त बोलायला मिळालं नव्हतं.

जिच्यासाठी तू पक्षी शोधतोस त्या तुझ्या मादामला आधीच सांगून ठेव की सेरेर आणि तुकुलर या दोन जमातींचं पिढ्यान्पिढ्यांचं चेष्टेचं नातं आहे. एकमेकांना गुलाम म्हणायचं, हावरट म्हणायचं, आणि समोरच्याने रागवायचं नाही. नाहीतर माझं पत्र वाचून ती बाई पोलिसांना बोलवायची.

आता तुझा पक्षी. मासेमार घार, छाती पांढरी, डोळ्यांवरून काळा पट्टा, पाठीवर डबी. बघितली. शोधावी लागलीच नाही. तिवरांच्या पलीकडे एक वठलेलं झाड आहे, त्यावर ती सप्टेंबरपासून बसते. आमच्या बायकांनी ती डबी बघून आधीच ठरवलं होतं की हिने मूल पाठीला बांधलंय, पण फडकं विसरली. काल भर उन्हात तिने पाण्यात उडी मारली आणि हाताएवढा बोई उचलला. माझ्या नवऱ्याला, लातिरला, तेवढा मासा आठवडाभर मिळाला नव्हता. तो बराच वेळ तिच्याकडे बघत राहिला आणि मग मला म्हणाला, “हिला विचार, जाळं भाड्याने हवंय का.”

तिला तू कुंबा म्हणतोस म्हणे. कुंबा हे सेरेर नाव आहे. माझ्या मावशीचं आहे. तुकुलरांनी आमच्या म्हशी चोरल्या असं म्हणणार होते, पण आमच्याकडे म्हशी नाहीत, म्हणून नावं चोरलीत.

तिची रोजची हकिगत मी लिहीत जाईन. मोबदल्यात काय देशील ते कळव. नाही दिलंस तर कुंबा भातावर चांगली लागेल, अंगाने भरलेली आहे.

तुझी मालकीण,
तेनिंग सार


ऑर्लेआंजवळचं जंगल
फ्रान्स, १२ डिसेंबर १९९९

माझी आळशी मोलकरीण तेनिंग हिला,

तुझं पत्र मी जेवायच्या सुट्टीत उघडलं आणि इतका हसलो की बरोबरचे लोक बघायला लागले. जेवायची सुट्टी म्हणजे त्यांची. माझे रोजे चालू आहेत. इथे डिसेंबरात रोजा धरणं म्हणजे फसवाफसवी आहे, चहाची आठवण यायच्या आत सूर्य मावळतो. आई ऐकेल तर म्हणेल, हा कसला रोजा.

नावाचं म्हणशील तर तुम्हा सेरेरांना नावं ठेवायला आम्हीच शिकवलं. आमच्यात पहिली मुलगी सिरा, दुसरी पेंडा, तिसरी कुंबा. या जंगलात डबी बांधलेल्या पाखरांमध्ये ही तिसरी, म्हणून कुंबा. मादाम व्हेरॉन त्यांना आकडे देते. मी नावं देतो. डबी बांधताना पाखरू धरायचं काम माझं, झाडावर चढायचं काम माझं, तेव्हा नाव ठेवायचा हक्कही माझाच.

सिरा स्पेनमध्ये विजेच्या तारेवर गेली. पेंडा वाळवंटात शिरली आणि बाहेर आलीच नाही. डबी उन्हावर चालते, तिच्यातून आकाशात खूण जाते, तिथून आमच्या यंत्रात उतरते, आणि दर तीन-चार दिवसांनी नकाशावर एक ठिपका पडतो. पेंडाचा ठिपका एका जागी थांबला आणि पुढे तोही पुसला गेला. आता कुंबाच उरली आहे. मादाम चांगली बाई आहे, तिने स्पष्टच सांगितलं: कुंबा वसंतात घरट्यावर परत आली तर या कामाला आणखी पाच वर्षं मिळतील, नाही आली तर काम बंद आणि माझी नोकरीही बंद.

तुला सांगायला हरकत नाही. माझ्याकडे इथे राहण्याचा जो कागद आहे तो कच्चा. त्यावर राहता येतं, पण देशाबाहेर गेलो तर परत येता येत नाही. नोकरी पक्की झाली की एप्रिलमध्ये पक्का कागद होईल, मग मेमध्ये मी फूटाला, आमच्या नदीकाठच्या मुलखात, घरी जाईन आणि आईला भेटून परत येईन. आठ वर्षं झाली तिला बघून. तेव्हा भाताचा विचार मनातून काढ, बये. तुझ्या त्या वठलेल्या झाडावर माझी आईची भेट बसलेली आहे.

मोबदला म्हणून दुर्बीण पाठवतोय. उलट्या बाजूने बघू नकोस.

तुझा मालक,
हामादी


न्गासेर बेट
९ जानेवारी २०००

माझ्या हावरट गुलामा,

काल ईद झाली. तुलाही मुबारक. दुर्बीण पोचली, लातिर ती गळ्यातून काढायला तयार नाही.

हामादी, कुंबा गेली.

ईदच्या आदल्या दिवशी लातिरने पहाटे मोठ्या खाडीच्या तोंडाशी जाळं लावलं होतं. नायलॉनचं, पाण्यात दिसत नाही ते. बोई अडकले असणार, ते वळवळताना वरून हिला दिसले असणार, आणि हिने सूर मारला. लातिर पोचला तेव्हा पंख गुरफटून ती पाण्याखाली गेलेली. त्याने जाळं कापलं. नवं जाळं होतं, तरी कापलं. तिला सदऱ्यात गुंडाळून घरी आणलं आणि दारातच उभा राहिला, आत येईना. मी विचारलं काय झालं, तर म्हणाला, “तुझ्या तुकुलराचं पाखरू.”

आम्ही तिला शिंपल्यांच्या जुन्या टेकाडावर पुरलं, जिथे गोरखचिंच आहे. ईदला बेटावर कोणी खड्डा खणत नाही, पण आम्ही खणला. बायकांना सांगितलं तेव्हा दोघीतिघी रडल्या. मूल पाठीला बांधून हिंडणारी म्हणूनच ती त्यांना ठाऊक होती.

डबी सोडवून घेतली आहे. चांगली आहे, ओरखडा नाही. ती माझ्या तिसऱ्यांच्या टोपलीत होडीतच ठेवली आहे, कुठे पाठवायची ते कळव. तुझ्या आईचं लिहिलं होतंस ते मनातून जात नाही.

तेनिंग


ऑर्लेआंजवळचं जंगल
३० जानेवारी २०००

थापाड्या मोलकरणीला,

वा! या वेळी मात्र मानलं. सुरुवात वाचून मला खरंच वाटलं. पत्र तसंच टाकून यंत्राकडे धावलो. आणि बघतो तर काय, कुंबाबाई मजेत हिंडतायत. सोमवारी तिवरांत, गुरुवारी मोठ्या खाडीत, रविवारी पुन्हा तिवरांत. सबंध जानेवारी एका जागी म्हणून थांबलेली नाही. मेलेलं पाखरू इतकं हिंडत असेल तर जिवंत पाखरांनी लाजावं.

तुम्ही सेरेर लोक थाप मारताना नवरा, शेजारणी आणि गोरखचिंचही सोडत नाही. “ईदला कोणी खड्डा खणत नाही, पण आम्ही खणला”, काय वाक्य आहे! मी मादामला वाचून दाखवलं. आपलं नातं तिला समजावून सांगितलं होतं, तरी ती पांढरी पडली. मग नकाशा दाखवल्यावर हसली. खरं सांग, भात कुठल्या तांदळाचा केला होतास आणि मान कोणाच्या वाट्याला गेली?

इकडची हकिगत हसण्याची नाही. डिसेंबरच्या शेवटी असं वादळ झालं की जंगलातली झाडं काडेपेटीसारखी आडवी पडली. कुंबाचं पाइनचं झाडही मोडलं आणि घरटं खाली आलं. गेले तीन आठवडे मी शेजारच्या झाडाच्या शेंड्यावर तिच्यासाठी नवा माळा बांधतोय. जुन्या घरट्याच्या काटक्या वेचून वर नेल्या, म्हणजे तिला ओळख पटेल. वर वारा असा की बोटं कामातून जातात. पण मार्चअखेर ती येणार आणि बसायला जागा नाही म्हणून दुसरीकडे जाणार, हे मला चालणार नाही.

येरोचं, माझ्या धाकट्या भावाचं, पत्र आलं. आई बरी आहे, माझी आठवण काढते, काळजी करू नको असं लिहितो. मी त्याला कळवलं की मेमध्ये बकरा तयार ठेव.

तुझा मालक,
हामादी


न्गासेर बेट
१७ फेब्रुवारी २०००

बुद्धीने अधू असलेल्या गुलामा,

तू जिंकलास. तुझ्या नकाशावर कुंबा हिंडते म्हणतोस, तर हिंडते. नकाशापुढे मी कोण सांगणार? तू झाडावर चढून काटक्या रचतोयस हे मी लातिरला वाचून दाखवलं. तो बाहेर गेला तो संध्याकाळीच परत आला.

तर कुंबा ठीक आहे. माझ्या नजरेआड ती जात नाही, एवढी खातरी बाळग. ऊनही भरपूर मिळतं तिला. हल्ली ती माझ्याबरोबरच असते म्हटलंस तरी चालेल.

आता मला काही विचारायचं आहे, आणि चेष्टा न करता उत्तर दे. कुंबासारख्या घारी उत्तरेकडे कधी निघतात? ठरलेला दिवस असतो का, की चार दिवस मागेपुढे चालतं? दिवसाला किती जातात, गाडीच्या वेगाने की घोड्याच्या? वाटेत थांबतात का? किनाऱ्याकिनाऱ्याने जातात की सरळ नदीवरून? एवढी चौकशी कशाला म्हणशील, तर लातिरला उत्सुकता आहे. दुर्बीण मिळाल्यापासून तो पंडित झालाय.

आणखी एक. तुझ्या आईचं गाव नदीकाठी आहे ना? नाव काय, आणि तिथवर गाडी जाते का? बकरी ईदला तुमच्या गावची सगळी फ्रान्सवाली मंडळी घरी येतात असं ऐकलं. ती परत कधी जातात?

तेनिंग


ऑर्लेआंजवळचं जंगल
६ मार्च २०००

प्रिय मोलकरणी,

तुझ्या प्रश्नांनी माझं डोकं भणभणलं. घारी निघतात मार्चच्या मध्यावर, चार दिवस इकडेतिकडे चालतं. दिवसाला चांगली गाडी रस्ता बरा असेल तर जेवढं जाईल तेवढं. थांबतात, मासा दिसला तर. कुंबा गेल्या वेळी नदीवरूनच गेली होती, आमच्या फूटावरूनच. माझ्या आईचं गाव सिन्चू-वान, पोदोरच्या पुढे, डांबरी रस्त्यापासून घोडागाडीने. आई तक्को सी म्हणून विचारलंस तर लहान पोरही घर दाखवेल. गावातले फ्रान्सवाले बकरी ईदनंतर पंधरवड्याने परततात. लातिरला एवढी माहिती पुरे झाली असेल.

आता माझा प्रश्न. मादामने काल मला बोलावून नकाशा पसरला. गेल्या सहा आठवड्यांत जेव्हा जेव्हा बुधवारी ठिपका पडला, तो पलीकडच्या किनाऱ्यावर, धक्क्याच्या बाजूला. मादाम म्हणाली, “हामादी, बुधवारी तिथे काय असतं?” मी म्हटलं, “बाजार.” ती म्हणाली, “म्हणजे कुंबा बाजाराला जाते?” मी म्हटलं, तिथे होड्या मासे उतरवतात, आयतं मिळत असेल. तिने ते लिहून घेतलं. पुढे विचारलं, एका शुक्रवारी ती बेटाच्या अगदी मधोमध का होती, तिथे तर पाणीच नाही. मी म्हटलं, ऊन खात असेल. तेही तिने लिहून घेतलं, पण या वेळी माझ्याकडे जरा जास्त वेळ बघून.

तेनिंग, मी नकाशाकडे बघतो आणि मनात एक विचार येतो. तो मी पुरा होऊ देत नाही. माळा तयार आहे. वर मऊ शेवाळं अंथरलंय. आता ती निघाली पाहिजे, कुठल्याही दिवशी निघाली पाहिजे.

हामादी


सिन्चू-वान, तक्को सी यांचं अंगण
२८ मार्च २०००

हामादी, भावा,

या पत्रात मी तुला गुलाम म्हणणार नाही. जानेवारीत खरं लिहिलं ते तुला थाप वाटलं, कारण आपल्यात खरं बोलायची सवयच नाही आणि मीही पत्राला सुरुवात शिवीनेच केली होती. चूक माझी की तुझी ते आता राहू दे. एक शिवी नाही, एक चेष्टा नाही, एवढ्यावरून हे खरं आहे ते ओळख.

कुंबा जानेवारीतच मेली. तुझ्या नकाशावर हिंडत होते ती मी. डबी टोपलीत, टोपली होडीत, होडी तिसऱ्यांमागे. बुधवारी बाजाराला जात होते तीही मीच, सुकवलेल्या तिसऱ्या विकायला. त्या शुक्रवारी भाचीचं बारसं होतं, टोपली घेऊनच गेले होते. आधी मला कळलंच नव्हतं की डबी अजून बोलतेय. तुझं हसणं वाचलं तेव्हा कळलं, आणि काटक्यांचं वाचलं तेव्हा तुला पुन्हा सांगायची ताकद राहिली नाही.

मग मी ठरवलं, कुंबाला फ्रान्सला पोचवायचं. हसू नकोस. तुझं पत्र आलं, बकरी ईद झाली होती, आणि डबी फडक्यात बांधून मी निघाले. सात जणांच्या गाडीत नऊ जण, मी खिडकीशी बसले आणि सबंध वाट डबी उन्हात धरली. नदीच्या मुखाशी सेंट लुईला एक दिवस थांबले, कारण पक्षीही थांबतात असं तू लिहिलं होतंस. नदीकाठाने पोदोरला आले, तिथून घोडागाडीने इथे. बेत असा होता की तुमच्या गावचा कोणी सणाला आलेला परत जाईल, त्याच्या सामानातून डबी जाईल, आणि तुझ्या जंगलाजवळ तो ती तुला देईल. कुंबा वेळेवर पोचेल, एप्रिलमध्ये तुझा कागद होईल. पुढचं पुढे. माणूसही मिळाला. अबू म्हणून आहे, सोमवारी पॅरिसला निघतोय, हो म्हणालाय.

सेरेर बाई आली म्हटल्यावर तुमच्या गावच्या बायकांनी मला विहिरीपासून दारापर्यंत शिव्या घातल्या. एक म्हणाली, “भुकेली दिसते, आमच्या भांड्यांवर लक्ष ठेवा.” बरं वाटलं मला. हसत हसतच तुमच्या अंगणात शिरले. आणि तुझ्या आईला बघितलं.

हामादी, ती उभी राहत नाही. गेल्या पावसाळ्यात विहिरीशी पडली, कमरेचं हाड मोडलं, ते बसलंच नाही. तेव्हापासून चटईवरच आहे. येरोची बायको राकी तिला उचलून उन्हात ठेवते आणि उचलून आत नेते. तुझा हात जेवढा जाड असेल तेवढी तिची मांडी उरली आहे. बोलते मात्र खणखणीत. येरोला मी विचारलं, भावाला का नाही कळवलंस? तो म्हणाला, “कळवलं असतं तर तो सगळं टाकून आला असता. मग हे घर कशावर चालवू? मे महिना जवळच आहे, आई तोवर टिकेल.” तो वाईट माणूस नाही. आईचे कपडे तोच धुतो, ते मी बघितलं. पण मे महिन्याबद्दल मला तसं वाटत नाही. मी आमच्या बेटावर सुइणीबरोबर अकरा वर्षं काम केलं आहे. माणूस निघायला लागला की मला दिसतं.

आईने डबी मागून घेतली, हाताने चाचपली, आणि हे काय म्हणून विचारलं. मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, “म्हणजे पाखरू कुठे आहे ते त्या लोकांना घरबसल्या कळत होतं?”

मी म्हटलं, “हो, आई.”

“आज इथे आहे, उद्या तिथे, सगळं?”

“सगळं.”

तिने डबी मांडीवर ठेवली. मग म्हणाली, “आठ वर्षं माझा मुलगा त्यांच्याकडे आहे. एक डबी त्याच्याही पाठीला बांधली असती, आणि ते यंत्र मला दिलं असतं, तर कोणाचं काय बिघडलं असतं?”

मी रडले. तुमच्या अंगणात सेरेर बाई रडली म्हणून बायकांना पुढच्या दहा वर्षांचा विषय मिळाला.

तर मी अबूला डबी दिलेली नाही. ती आईच्या मांडीवर आहे. डबी फ्रान्सला गेली तर तू तिथे राहशील, कागद होईल, आणि मग तू येशील तेव्हा आई असेल की नाही ते मी सांगू शकत नाही. डबी इथे राहिली तर तुझी नोकरी गेली. मी इथवर आणली, यापुढचं ठरवणं माझं काम नाही. अबू सोमवारी निघून जाईल, पण त्याच्यामागून आणखी लोकही जाणारे आहेत. पाठव म्हणालास तर येरो पाठवेल, कारण त्यालाही तेच हवं आहे.

मी उद्या निघते. लातिर एकटा आहे, आणि त्याने ते जाळं पुन्हा लावलेलं नाही.

तुझी बहीण,
तेनिंग


सिन्चू-वान
२ मे २०००

माझ्या मालकिणीला,

हो, मालकिणीला. एकदाच म्हणतोय, साठवून ठेव.

तुझं पत्र पोचायच्या आधीच मला कळलं होतं. मार्चअखेर एका सकाळी यंत्र उघडलं तर ठिपका नदीकाठी. मी नकाशा मोठा करत गेलो. त्यावर सिन्चू-वान लिहिलेलं नाही, इतकं ते लहान आहे, पण नदीचं ते वळण मी डोळे मिटून काढीन, त्याच्या आतल्या बाजूला मी पोहायला शिकलो. मादाम मागे येऊन उभी राहिली. म्हणाली, “निघाली एकदाची. पण ही इथे का थांबली? काय आहे तिथे?” मी नकाशा पुन्हा लहान केला. सहा दिवसांत ठिपका दोनदा पडला, दोन्ही वेळा तिथेच. मी माळ्यावर शेवाळं टाकायला वर चढलो, वर बसून राहिलो, आणि तो विचार अखेर पुरा होऊ दिला.

मग पत्र आलं. मी ते तीनदा वाचलं. एखादी तरी शिवी सापडेल, एखादा तरी टोमणा, म्हणजे मला पुन्हा हसता येईल, म्हणून शोधत होतो. सापडला नाही. मला तुझा इतका राग आला की विचारू नकोस. तो उतरल्यावर माझाच आला.

मादामला सगळं सांगितलं. बाजार, बारसं, खिडकीतलं ऊन, सगळं. ती हसेल असं वाटलं होतं. हसली नाही. बराच वेळ नकाशाची घडी घालत बसली, मग म्हणाली, “वाळवंटाच्या तोंडाशी हरवली असं लिहिता येईल. ठिपका तिथेच थांबलाय, तेव्हा अगदी खोटं नाही ते. जूनपर्यंत तुझं काम चालू राहील, तोवर काहीतरी बघू.” तिने हे माझ्यासाठी केलं असतं, आणि मला मोह झाला. खोटं नाही बोलत, झाला. जून म्हणजे कदाचित कागद. पण मग मी म्हटलं, मादाम, जानेवारीत जाळ्यात बुडाली असंच लिहा. घारी असतात त्या खाडीत जाळं कुठे लावू नये हे कोणी विचारायला आलं तर लातिर सांगेल. तिने तसंच लिहिलं. जाताना तिने मला मिठी मारली, ही माणसं सहसा मारत नाहीत.

विमानतळावरच्या माणसाने कच्चा कागद बघून दोनदा विचारलं, “परत येता येणार नाही, माहीत आहे ना?” मी म्हटलं, माहीत आहे. आठ वर्षं मी त्या वाक्याला घाबरत होतो. म्हणायला फार सोपं निघालं, पण अजूनही पहाटे जाग आली की हिशेब मांडत बसतो. मला इथलं कुठलं काम येतं? झाडावर चढता येतं. इथे झाडं माझ्या खांद्याएवढी आहेत.

आई आहे. तू लिहिलंस त्याहूनही कमी उरली आहे, पण आहे. मी समोर जाऊन बसलो तेव्हा तिने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणाली, “केस गेले तुझे.” एवढंच. मी काल रात्रीच परगावाहून आल्यासारखं. मी तिला उचलून उन्हात ठेवलं. उचलताना मला वाटलं, ही माझ्या हातात नाहीच, नुसती तिच्या निळ्या कापडाची घडी आहे.

 

येरो माझ्याशी बोलत नव्हता. त्याचं बरोबर आहे. त्याच्या पोरांची शाळा माझ्यावर चालली होती, आणि मी दोन पिशव्या घेऊन दारात उभा राहिलो. पहिल्या दिवशी राकीने मला वेगळं जेवण मांडलं, कोंबडी, पांढरा भात, फ्रान्सवाल्याला देतात तसा चमचा. सगळे पलीकडे एका मोठ्या वाडग्याभोवती कुसकुस आणि हाकोचं, आमच्या पाल्याचं, कालवण खात होते, आणि मी एकटा चटईवर, सतरंजी अंथरून, पाहुणा. दुसऱ्या दिवशीही तसंच. मी जेवलो आणि चमचा धुऊन ठेवला.

काल दुपारी राकी पुन्हा माझं ताट वेगळं घेऊन आली. आईने चटईवरून तिला थांबवलं. म्हणाली, “त्याचं वेगळं कशाला? हात धू म्हणावं त्याला आणि इकडे बसू दे.”

राकीने येरोकडे बघितलं. येरोने माझ्याकडे बघितलं नाही. तो वाडग्यात बघत होता. पण त्याने उजवा गुडघा आत घेतला आणि त्याच्या शेजारी एका माणसापुरती जागा झाली.

हामादी